दाजींनी सोडलेला रस्ता

सरकारला एकदा वाटलं, की धाराशिव जिल्ह्यातल्या कोणत्या राज्य मार्गांवरून अवजड गाड्या जाव्यात आणि कोणत्यांवरून जाऊ नयेत, हे एकदाचं ठरवून टाकावं. आजवर गाड्या जिकडून जमेल तिकडून जात होत्या. पण ठरवण्यासारखं काही शिल्लक राहिलंय असं लक्षात आलं, की सरकारला चैन पडत नाही.

लोहाऱ्याच्या पुढं एका फाट्यावर रस्त्याला दोन तोंडं फुटतात. एक रस्ता सिद्धनकेरीतून जातो, दुसरा आळंगेवाडीतून, आणि कर्नाटकची हद्द यायच्या आधी दोन्ही पुन्हा एकमेकांना येऊन मिळतात. दोन्ही राज्य मार्गच, आणि खड्ड्यांच्या बाबतीतही सरकारनं दोघांत डावंउजवं केलेलं नव्हतं. आता ह्यातला एक मालवाहतूक मार्ग होणार, रुंद होणार, त्यावरून दिवसरात्र ट्रक पळणार. दुसऱ्यावर अवजड गाड्यांना कायमची बंदी.

डोकं ठिकाणावर असलेल्या गावानं हात जोडून म्हणावं, की बाबांनो, ट्रक तिकडून न्या. पण इथं दोन्ही गावांना ट्रक हवे होते. ट्रक आले की हॉटेल येतं, पंक्चरवाला येतो, वजनकाटा येतो, रस्त्याकडेच्या रानाला भाव येतो. धूळ आणि भोंगे शेजाऱ्याच्या दारात जातील, असा प्रत्येकाचा हिशेब होता.

सिद्धनकेरीच्या शंभुलिंग बिराजदारांना मात्र ट्रक वेगळ्याच कारणासाठी हवे होते. त्यांना मुलगा परत हवा होता.

शिवपुत्र हा त्यांचा एकुलता एक. पूर्वी बापाच्या आडत दुकानात बसायचा. शंभुलिंगांचा स्वभाव मोकळा, म्हणजे मनात आलं की तोंडातून बाहेर, मध्ये कुठं थांबा नाही. एका बाजाराच्या दिवशी सोयाबीनच्या मापावरून त्यांनी हमाल, गिऱ्हाईक आणि पाव्हण्यारावळ्यांच्या देखत पोराची अक्कल काढली. पोरगं माप खाली ठेवून उठलं. संध्याकाळच्या एसटीनं पुण्याला गेलं आणि चाकणच्या एका गोदामात कामाला लागलं. आईला फोन करायचं, बापाशी ‘बरं हाय’ एवढंच बोलायचं.

एकदा आईजवळ तो म्हणाला होता, “गावाकडं यावं वाटतंय, आई. पण आप्पांच्या हाताखाली न्हाय बसणार म्या. रस्त्याकडंला एखादं चालतं हॉटेल असलं तर बघू.”

आईनं, म्हणजे मल्लम्मानं, हे सगळंच्या सगळं नवऱ्याला सांगितलं. शंभुलिंगांनी त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं. ज्वारीचं रस्त्याकडेचं रान सपाट केलं, बोअर पाडला, पत्र्याचं मोठं शेड मारलं आणि वर पाटी लावली, ‘शिवपुत्र धाबा, शुद्ध शाकाहारी’.

“ट्रकवाली माणसं, त्यास्नी शाकाहारी चालंल व्हय?” मल्लम्मानं विचारलं.

“आपली शेंगाची चटणी अन् गव्हाची गोड हुग्गी एकदा खाऊ दे,” शंभुलिंग म्हणाले, “ड्रायव्हर मटणाचं नाव काढणार न्हाय. निस्ता रस्ता आपल्याकडं येऊ दे. पोरगं आपुआप येतंय.”

“पोरगं काय म्हणलं ते ध्यानात हाय नव्हं?”

“हाय की. रस्त्याकडंला हॉटेल म्हणलंय.”

 मल्लम्माची अडचण दुहेरी होती. आळंगेवाडी हे तिचं माहेर, आणि तिकडं रस्ता मागणाऱ्यांत तिचा धाकटा भाऊ पंचाक्षरी पुढं होता. पुढं होता म्हणजे काय, बाकीचे त्याच्याही मागं होते. पंचाक्षरी इतका थंड माणूस, की त्याच्या रानातल्या विहिरीला पाणी लागलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, ‘लागलं का, बरं झालं,’ आणि कुशीवर वळला. असल्या मेव्हण्याकडून आपण हरू, हे शंभुलिंगांच्या स्वप्नातही आलं नाही.

सरकारनं ठरवण्याची रीत सोपी ठेवली होती. दोन्ही गावांत एकाच वेळी माणसं बसणार आणि दोन दिवस रस्त्यानं जाणाऱ्या गाड्या मोजणार. जिथं ट्रक जास्त, तिथं मालवाहतूक मार्ग. शंभुलिंगांनी लगोलग कृती समिती काढली आणि अध्यक्षही झाले. उमरग्याला रणधीर नावाचा त्यांचा ट्रान्स्पोर्टवाला दोस्त होता. त्याला त्यांनी गाठलं.

“तुझ्या रिकाम्या-भरल्या जेवढ्या गाड्या हायत तेवढ्या दोन दिवस आमच्या अंगानं फिरव,” ते म्हणाले. “हिकडून घाल, पुढनं वळव, परत घाल. डिझेल माझ्याकडं.”

“ड्रायव्हरास्नी निस्त्या फेऱ्या मारायला सांगतो,” रणधीर म्हणाला. “काळजीच सोडा.”

एवढ्यावर थांबले असते तर सिद्धनकेरीत आज ट्रकच ट्रक दिसले असते. पण गावात सरकारी पाहुणे येणार आणि स्वागताची कमान नाही, हे त्या गावाला जमण्यासारखं नव्हतं. पाहुणे गाड्या मोजायला येवोत की डास मोजायला, कमान हवी. मग गावाच्या दोन्ही तोंडांना लोखंडी पाइपांच्या कमानी उभ्या राहिल्या. त्यावर फ्लेक्स आला. फ्लेक्सवर वर पुढारीसाहेबांचा मोठा फोटो, खाली ‘सर्वेक्षण पथकाचे हार्दिक स्वागत’, त्याखाली समितीचे फोटो.

फ्लेक्स छापायला जायच्या आदल्या दिवशी तरुण मंडळाची पोरं आली. रस्ता काय फक्त म्हाताऱ्यांचा आहे काय, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं बरोबर होतं, म्हणून एक ओळ वाढली. मग महिला बचत गट आला. त्यांचं तर जास्तच बरोबर होतं. मग व्यापारी आले. शेवटी भजनी मंडळाचे ज्ञानोबा काठी टेकत आले, ओट्यावर बसले आणि म्हणाले, “आमास्नी कोण इचारतंय म्हणा. मेल्यावर बोलवता तेवढं बास हाय.” भजनी मंडळाची ओळ सगळ्यात खाली लागली. प्रत्येक ओळीनं फ्लेक्स हातभर खाली येत गेला, पण माणसं दुखावण्यापेक्षा ते परवडलं.

कमान उभी राहिल्यावर शंभुलिंगांनी तपासणीही केली. ते काही निष्काळजी नव्हते. भाच्याची जीप खालून नेऊन पाहिली, साहेबांची गाडी अशीच असणार. जीप सुळकन गेली. दुपारची एसटी आली, तीही टप वाचवत गेली.

“एसटी गेली म्हंजी सगळं गेलं,” शंभुलिंग म्हणाले, आणि समितीनं माना डोलावल्या.

मोजणीच्या दिवशी पथक आलं. इंजिनिअर शिवरंजनी मॅडम आणि दोन सहायक. हलगी वाजली, फेटे बांधले गेले, शाल-श्रीफळ झालं, मुरमुऱ्यांचा सुशीला आणि चहा झाला. शंभुलिंग भरभरून बोलले. ह्या रस्त्यावरून पायी चालणाऱ्याला दिवसा सावली मिळते ती फक्त ट्रकांची, इतके इथं ट्रक, असं त्यांनी सांगितलं. मॅडम मग एसटी थांब्याच्या शेडमध्ये खुर्ची टाकून बसल्या. शंभुलिंगही बसले. सगळं गाव बसलं.

रस्त्यावरून एक मोटारसायकल गेली. मग शेळ्या गेल्या. मग एसटी गेली. मग बराच वेळ काहीच गेलं नाही.

“सकाळचा टाइम हाय,” शंभुलिंग म्हणाले. “जरा उन्हं तापली की चालू हुतंय.”

उन्हं तापली. एक टमटम गेली. मॅडमनी रिकामा रस्ता पाहिला आणि पाणी मागितलं. एरवी ह्या वेळेपर्यंत कळंबच्या बाजारातनं तूर भरून निघालेले ट्रक, कर्नाटकातले कडब्याचे, कापसाचे ट्रक भोंगे वाजवून जीव नकोसा करायचे. आज भोंगा ऐकायला शंभुलिंगांचे कान टवकारले होते. शेवटी बाजूला जाऊन त्यांनी रणधीरला फोन लावला.

“गाड्या कुठं हायत रे?”

“पळायलेत की. ड्रायव्हर म्हणायलेत तिसरी फेरी झाली.”

“तिसरी? हितं तर एक बी न्हाय आली.”

“हितं म्हंजी कुठं?” रणधीरनं विचारलं. “तुमच्या गावात तर भरली गाडी शिरंना म्हणलेत. कसली कमान लावलाव तुमी? मग भरल्या तिकडं वळल्या, त्यांच्यामागं रिकाम्या बी आळंगेवाडीवरनं फिरायलेत. फेऱ्या मारा म्हणला होताव, फेऱ्या मारायलेत.”

 शंभुलिंग मोटारसायकलला किक मारून कमानीकडं गेले. कमानीच्या अलीकडं कडब्याचा एक उंच ट्रक उभा होता आणि ड्रायव्हर तो मागं घ्यायच्या खटपटीत होता.

“जा की खालनं,” शंभुलिंग म्हणाले. “थोडं घासंल, दुसरं काय?”

ड्रायव्हरनं वर पाहिलं. फ्लेक्सवरून निम्मं गाव त्याच्याकडं बघून हसत होतं. “मालक, ह्यातला एक फोटो जरी फाटला तर गाडी जाळताल तुमी लोक,” तो म्हणाला. “मला आळंगेवाडीचा रस्ता ठाऊक हाय.” आणि तो गेला.

शंभुलिंगांनी कुणाच्या तरी रानातून विळा आणला. खालची एक ओळ कापली तरी भागलं असतं. पण ते पाइपावर चढेपर्यंत ज्ञानोबा खाली येऊन उभे राहिले होते.

“आमचेच फोटू दिसले व्हय तुला?” ते म्हणाले.

“काका, गाड्या अडल्यात.”

“मग वरनं काप. तुझा फोटू वरच हाय.”

वरून कापायचं म्हणजे पुढारीसाहेबांपासून सुरुवात करावी लागणार, आणि हा विचार मनात आणायलाही कुणी तयार नव्हतं. मधली ओळ कापून उरलेलं शिवावं, असं एकानं सुचवलं. मधली ओळ बचत गटाची होती, आणि बायका तोवर पदर खोचून आल्या होत्या. सगळा फ्लेक्सच दोन दिवस उतरवावा, तर त्याला शंभुलिंग सोडून कुणाचीच मान हलेना. पथक अजून गावातच, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत स्वागत उतरवलं तर गावाची काय राहिली? पाइप उंच करावेत, तर मंडपवाला वाशी तालुक्यात लग्नाच्या ऑर्डरवर गेलेला आणि त्याचा फोन बंद. चर्चा चांगली झाली. सगळ्यांना बोलायला मिळालं. ती दुसऱ्या दिवशीही चालू राहिली, आणि ट्रक आळंगेवाडीकडून जात राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी शंभुलिंगांनी मॅडमला खरं काय ते सांगून टाकलं. “मॅडम, गाड्या हायत. पण आमच्या कमानीमुळं त्या तिकडं वळल्यात.”

“मग कमान काढा ना.”

“ते जरा अवघड हाय.”

 “आप्पा, अडचण आली की ट्रकवाले कोणता रस्ता धरतात, हेच आम्हाला बघायचं होतं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही ते फार सोपं केलंत.” त्यांच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं.

आळंगेवाडीत काय झालं, तर काहीच झालं नाही. तिथंही कमान लावायची होती, पण कुणाचा फोटो वर घ्यायचा ह्यावरून दोन भावक्यांत जुंपली आणि कमान राहिली. तिथल्या पथकाला चहासुद्धा कुणी विचारला नाही. ते चिंचेखाली बसून मान वर न करता ट्रक लिहीत होते, आणि शेजारी बाजेवर पंचाक्षरी झोपला होता.

उन्हाळ्यात निकाल लागला. आळंगेवाडीचा रस्ता मालवाहतूक मार्ग ठरला. सिद्धनकेरीच्या रस्त्यावर जड वाहनांना बंदी झाली, आणि कुणी चुकून येऊ नये म्हणून सरकारनं फाट्यावर लोखंडाची पक्की आडवी कमान ठोकली. त्यावर कुणाचाच फोटो नव्हता.

आता हे झालं कुणामुळं, असा प्रश्न गावापुढं उभा राहिला. शंभुलिंग पारावर, हॉटेलात, आडतीत जो भेटेल त्याला सांगत सुटले, की आपण सगळेच येडे, फ्लेक्स खाली आला म्हणून हे झालं. पण फ्लेक्सवर सगळ्यांचेच फोटो होते. त्यामुळं फ्लेक्सचा दोष कुणाच्याच गळी उतरेना. मग ज्ञानोबांनी सगळ्यांना पटेल असं कारण शोधून काढलं. रणधीरच्या गाड्या, ज्या शंभुलिंगच्याच सांगण्यावरून फिरत होत्या, त्या आळंगेवाडीतूनच कशा काय फिरल्या? आळंगेवाडी कुणाची सासुरवाडी? झालं. शंभुलिंगनं बायकोच्या नादानं रस्ता मेव्हण्याला दिला, हे गावात ठरून गेलं.

शंभुलिंग पेटून उठले. मी फितूर नाही, मी मूर्ख आहे, हे सिद्ध करायला त्यांनी किती घसा कोरडा केला असेल त्याला गणती नाही. ज्या माणसानं जन्मभर स्वतःचं शहाणपण सांगितलं, त्याला आता आपल्या मूर्खपणाला साक्षीदार मिळेना. पाटीखालच्या धाब्याच्या शेडमध्ये कुणीतरी म्हशी बांधायला लागलं, तिकडंही त्यांचं लक्ष नव्हतं.

आणि मग पावसाळ्याच्या तोंडाशी शिवपुत्र परत आला. पण एसटीतून उतरला तो आळंगेवाडीला.

पंचाक्षरीनं रस्त्याकडेच्या रानात हॉटेल घातलं होतं. म्हणजे ट्रकच येऊन थांबायला लागले, तेव्हा त्याला उठून चूल पेटवावीच लागली. मग हे आपल्याच्यानं होणार नाही हे ओळखून त्यानं भाच्याला फोन केला. मल्लम्माला भावानं आधी सांगितलं होतं. तिनं नवऱ्याला सांगितलं ते सकाळी भाकरी वाढताना.

शंभुलिंगांचा हात ताटातच राहिला. पोरगं आलं ह्याचा आनंद आधी वर आला आणि कुठं आलं हे त्याच्यामागून आलं. 

“जाऊन येऊ,” ते एवढंच म्हणाले.

आळंगेवाडीला पोचले तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ट्रकांच्या रांगा. पंचाक्षरी चक्क उभा होता. त्यानं दाजींच्या पाया पडून डोळ्याला रुमाल लावला.

“दाजी, मला सगळं ठाऊक हाय,” तो म्हणाला. “रणधीरनं सांगितलं, गाड्या तुमच्याच हुत्या. सख्खा भाऊ करणार न्हाय असं तुमी केलाव. आमच्या सगळ्या गावाला ठाऊक हाय.”

“आरं, तसं न्हाय ते,” शंभुलिंग म्हणाले. “त्या दिवशी कमान—”

“कमानीचं बी कळलं. तिकडं अडवल्याबिगर हिकडं कशा येतील?”

शंभुलिंग पुन्हा बोलणार, एवढ्यात शिवपुत्र आला. खांद्यावर पंचा, दाढी वाढलेली, पुण्याला गेला होता त्यापेक्षा रुंद दिसत होता. त्यानं वाकून बापाच्या पायांना हात लावला आणि लगेच उठला नाही.

“आप्पा,” तो खालूनच म्हणाला, “मला वाटायचं, तुमास्नी दुकानापुढं माझं काय न्हाय. मी आईला म्हणलो हुतो, आप्पांच्या हाताखाली बसणार न्हाय. तिनं तुमास्नी सांगितलं, व्हय ना? अन् तुमी मला दुसरीकडं जागा व्हावी म्हणून सोताचा धाबा बुडवला. मला मामानं सांगितलं तवा म्या रात्रभर झोपलो न्हाय.”

शंभुलिंगांच्या ओठांवर सगळं तयार होतं. फ्लेक्स, ज्ञानोबा, विळा, मॅडम. गावात रोज म्हणून म्हणून पाठ झालं होतं. मान वर करून त्यांनी मल्लम्माकडं पाहिलं. ती दुसरीकडं बघत होती.

“ऊठ,” ते म्हणाले. “गिऱ्हाईक खोळंबलंय.”

शिवपुत्र उठला. बापाला त्यानं स्वतःच्या हातानं वाढलं, आणि गल्ल्यावर न जाता समोर बसून राहिला. पुण्याचं, गोदामाचं, इथल्या ड्रायव्हरांचं काय काय सांगत राहिला. शंभुलिंग फक्त ‘बरं’ म्हणत होते. पोराशी एवढा वेळ बोलणं त्यांचं कधी झालं नव्हतं, आणि आजही ते बोलत नव्हतेच.

परत येताना मोटारसायकलवर मागं बसलेली मल्लम्मा म्हणाली, “ह्या दोन गावांत काय लांब अंतर हाय, सांगा. हिकडचं तिकडं जायला उशीर लागत न्हाय.”

“म्हंजी?”

“तुमी पारावर रोज सांगतासाव नव्हं, फ्लेक्समुळं झालं म्हणून. ते एखाद दिवशी पोराच्या कानावर जाईल.”

 मोकळ्या, सुनसान रस्त्यानं गाडी सिद्धनकेरीला आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर ज्ञानोबा बसलेले होते, सोबत तरुण मंडळाची दोन-चार पोरं आणि व्यापाऱ्यांपैकी कुणी कुणी. शंभुलिंग येताना दिसले तसे सगळे सावरून बसले. आता फ्लेक्सचं पुराण सुरू होणार, म्हणून एक पोरगं आधीच हसायला लागलं.

“काय शंभुलिंग,” ज्ञानोबा म्हणाले, “सासुरवाडीचा पाहुणचार झाला म्हणं. रस्ता दिल्यावर एवढं तर करतीलच ते.”

शंभुलिंग पारापुढं थांबले.

“व्हय,” ते म्हणाले. “म्याच वळवल्या गाड्या.”

पोरगं हसायचं थांबलं. ज्ञानोबांना हे रोज ऐकायचं होतं, पण आज ऐकल्यावर त्यांनाच ते खरं वाटेना. “मुद्दाम?” त्यांनी विचारलं.

“मुद्दाम,” शंभुलिंग म्हणाले, आणि आडत उघडायला गेले.